आठवडा 7: 176 चं कोडं सुटलं, घामाचं नाही

हाफ मॅरेथॉनच्या सरावात मागच्या तीन लाँग रनना रडगाणं एकच होतं. 13 किमीपर्यंत सगळं सुरळीत, मग हार्ट रेट टुणकन 176 वर आणि तिथेच मुक्काम. पेस कमी केला तरी 176. मी त्याचं खापर उकाड्यावर फोडून मोकळी झाले होते. रविवारी मात्र बुटाची नाडी बांधायला थांबले आणि आकडा पाच सेकंदांत 150 च्या खाली! हृदय इतकं आज्ञाधारक नसतं. घरी येऊन केडन्सचा (मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा) आलेख उघडला तर तोही 176. घामाने पट्टा सैल झाला होता आणि घड्याळ नाडीऐवजी माझी पावलं मोजत बसलं होतं.

कपाटात धूळ खात पडलेला चेस्ट स्ट्रॅप (छातीवर बांधून हार्ट रेट मोजणारा पट्टा) काल बाहेर काढला. ओला झाल्याशिवाय तो नीट चालत नाही, पण या हवेत ती काळजीच नाही. दमट हवेत मनगटी सेन्सरवर भरवसा ठेवू नका, असं माझं ठाम मत झालंय.

पण आनंद अर्धाच. स्ट्रॅपवरही किमीला 6:20 मिनिटांच्या पेसला 5 किमीला 151 आणि 14 किमीला 168. म्हणजे ड्रिफ्ट (त्याच पेसला हार्ट रेट हळूहळू चढत जाणं) खराच आहे. गंमत बघा, त्याआधीच्या आठवड्यात 31 अंशांत मी बरी पळाले होते आणि काल 28 अंशांत पार पिळून निघाले. फरक ड्यू पॉइंटचा (हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान; ते जितकं जास्त, तितका घाम कमी वाळतो): तेव्हा 18, काल 25. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोपरावरून टपटपला तर जवळजवळ काहीच नेत नाही. काल माझा बहुतेक टपटपला. सॉक्स पिळले तर धार लागली. अंग पुसून वजन केलं: 1.4 किलो कमी, वाटेत 600 मिली प्यायले होते, म्हणजे 16 किमीत 2 लिटर. तेवढं सगळं साधं पाणी ढोसून भरून काढायच्या फंदात मी पडणार नाही, रक्तातलं सोडियम पातळ होण्याचा धोका वेगळाच. मीठ घातलेली बाटली, तीही तहानेप्रमाणे.

पहाटे चारला सुटायचं ठरवलं होतं, ते आता बारगळलं. ऊन टळतं, दमटपणा टळत नाही. 2019 ला दोहात जागतिक स्पर्धेची महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुटली, तरी 68 पैकी 28 जणींना शर्यत सोडावी लागली. आणि माझी हाफ सकाळी सहालाच आहे, तर सराव त्याच वेळी केलेला बरा.

नवा बेत असा की पेस बघायचाच नाही, 10 किमीपर्यंत 155 च्या वर जायचं नाही. पहिले किमी 6:45 ने गेले तरी गप्प बसायचं. (मला हे जमेल का, ते तुम्ही ओळखताच.) टोपीखाली बर्फ ठेवायचा, कारण बर्फाचा गारवा घाम वाळण्यावर अवलंबून नाही.

हे लिहिताना आणखी एक सुचलं. ट्रेडमिलवर एकाच खोलीत, एकाच पेसला दोनदा 40 मिनिटं: एकदा पंखा लावून, एकदा बंद करून. ड्रिफ्टमध्ये वाऱ्याचा वाटा किती ते तरी कळेल. मग उद्याचा टेम्पो (वेगवान सरावाची धाव) रद्द, पंखा चालू. बंदवाला शुक्रवारी.