तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यात राहून लोकल खायचं म्हणजे नक्की काय?

हे मला लिफ्टमध्ये विचारतात, ऑफिसात विचारतात, नणंद तर दर गणपतीत विचारते, की वहिनी तू लोकल लोकल म्हणतेस पण ठाण्यात बिल्डिंगींशिवाय पिकतं काय, आणि परवडतं कसं, वेळ कुठून आणतेस. तर घ्या.

ठाण्यात नसेल पिकत, पण शहापूर-मुरबाडकडे पिकतं, आणि त्याहून भारी म्हणजे न पेरता उगवतं. मुंबईला भातसाचं पाणी शहापुरातूनच येतं की, मग भाजी आली तर काय बिघडलं! पावसाच्या तोंडावर जांभळी नाक्याला, स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन येऊन बसतात, पहाटेची लोकल पकडून आलेल्या. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, पुढे कंटोळी. सगळं वाट्यावर, किलोवर नाही. आणि तिथे घासाघीस करू नका प्लीज, मॉलमधल्या अव्होकाडोला करता का?

शेवळं म्हणजे आम्हा सीकेपींचा जीव की प्राण, पण खाजरी. हाताला तेल लावायचं, वरची आवरणं सोलायची, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेलं बारीक चिरायचं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून आंबट हवंच. भाजीवाल्या सोबत काकडं ठेवतात, छोट्या आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं, ती ठेचून बिया काढून घालायची. तुम्ही विसरलात तर त्याच हाक मारून देतात. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ. वालाचं बिरडं घाला नाहीतर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. सोडेच का, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात तेव्हा, आणि आपल्या आज्यांनी उन्हाळ्यातच सुकट, बोंबील, सोडे डब्यात भरून या दिवसांची सोय केलेली असायची.

आता परवडण्याचं. दर आठवड्याला भाजी ठरवून बाजारात गेलात तर महाग पडणारच, ऑगस्टमध्ये मटार हवाच म्हटलं तर काय होणार. मी उलटं करते, जे ढिगाने आलंय ते आणते आणि मग ठरवते. बाकी पैसे वाचतात ते न टाकण्यात. दोडक्याच्या शिरा काढल्या की बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ, झाली चटणी, आमच्याकडे भाजीच्या आधी चटणी संपते. दुधीच्या सालीचंही तेच. कोथिंबिरीची देठं वाटणात, शिळ्या भाकरीचा कुस्करा, पुरणाचा कट आमटीत. यात मी काही नवीन करत नाहीये हो, हे सगळं होतंच, आपण फक्त ‘सस्टेनेबल’ म्हणायला शिकलो.

एक मात्र स्पष्ट सांगते, जवळचं ते सगळं चांगलं असं नाही. ऊस आपल्याच राज्यातला, पण दुष्काळी भागातलं पाणी किती पितो बघा. उलट ज्वारी-बाजरी लांबून आली तरी कमी पाण्यावर येते, म्हणून घरी आठवड्यातले निम्मे दिवस भाकरी. अंतर मोजत बसण्यापेक्षा ते कशावर पिकलंय आणि आपण किती फेकतोय हे बघितलेलं बरं.

वेळ? वाल आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधले की मोड आपले आपण येतात, सोलायला नवरा आणि मुलगी टीव्हीसमोर बसतात, कुरकुरत का होईना. डाळ-तांदूळ भिजवून कुकरमध्ये एकावर एक डबे, शिट्टी झाली की गॅस बारीक. आणि हो, किवी चालते का हेही विचारता, तर कोणी पाहुणे घेऊन आले की आम्ही पण खातो, फेकायची थोडीच!