हनुक्कियासाठी तेल, वात आणि पेला : यंदाच्या तयारीची नोंद

यंदाच्या हनुक्कासाठी, म्हणजे यहुद्यांच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणासाठी, तेलाच्या दिव्यांची मांडणी आता जवळजवळ ठरली आहे. मेणबत्त्या सोडून तेलावर हनुक्किया (या सणाची आठ दिव्यांची दीपमाळ) लावणाऱ्यांना उपयोगी पडावी, म्हणून तिची सविस्तर नोंद करून ठेवीत आहे. गेल्या काही वर्षांत मी तेले बदलून पाहिली, वाती बदलून पाहिल्या, पेलेही बदलले. या सर्वांतून माझे एक मत पक्के झाले आहे. ज्योत स्थिर राहणे हे तेलाच्या किमतीपेक्षा तेलाची पातळी आणि ज्योत यांमधल्या अंतरावर अधिक अवलंबून असते, आणि हे अंतर एकदा नीट साधले की तेलाची निवड पुष्कळ सोपी होते.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. तेलाच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या या समाजात हनुक्काचा सण मात्र मूळचा नव्हता. या सणात ज्या घटनेचे स्मरण करतात ती, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध करून वेदी अर्पण करणे, घडली इसवी सनपूर्व १६४ च्या सुमारास, आणि आमचे पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले होते, असे समाजात परंपरेने सांगितले जाते. पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांच्या संपर्कातून हा सण आमच्याकडे रुजला. त्यामुळे हनुक्कियासाठी तेल निवडताना मला तीळ आणि खोबरे यांचा विचार ऑलिव्हच्या बरोबरीने करावासा वाटतो, आणि धर्मशास्त्रालाही त्याची हरकत नाही.

शास्त्राची बाजू थोडक्यात अशी आहे. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतिदिनाच्या, दिव्यासाठी मिश्ना या जुन्या यहुदी नियमग्रंथात अनेक तेले आणि वाती वर्ज्य सांगितल्या आहेत, कारण त्या तेल नीट ओढत नाहीत. हनुक्काच्या दिव्यांना मात्र सर्व तेले आणि सर्व वाती चालतात. मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तलमूदच्या शब्बाथ या प्रकरणात रब्बी यहोशुआ बेन लेवी म्हणतात की सर्वच तेले दिव्यासाठी चांगली आहेत, परंतु ऑलिव्हचे तेल त्यांत श्रेष्ठ होय. त्याच ठिकाणी अबाये हे दुसरे धर्मपंडित सांगतात की त्यांचे गुरू आधी तिळाचे तेल पसंत करीत, कारण त्याचा दिवा अधिक वेळ टिकतो. परंतु रब्बी यहोशुआंचे वचन कानी आल्यावर ते ऑलिव्हच्या तेलाकडे वळले, कारण त्याचा प्रकाश अधिक निर्मळ असतो. हा उतारा मला फार मोलाचा वाटतो. दिवा किती वेळ जळतो आणि त्याची ज्योत किती स्वच्छ असते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या गुरूंनी प्रत्यक्ष दिव्यांकडे पाहून ओळखले होते, आणि आजही तेल पारखताना हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

आता तेलांविषयी. ऑलिव्हचे तेल दाट असते. २० अंश सेल्सियसला त्याची दाटता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या सुमारे ८० पट भरते, तर रॉकेलची पाण्याच्या दुपटीच्या आसपास असते. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून तेल वर चढते, आणि जितकी उंची अधिक तितका चढण्याचा वेग कमी होत जातो. म्हणूनच रॉकेलच्या कंदिलात टाकी खाली आणि ज्योत बरीच वर असली तरी चालते, पण वनस्पती तेलावर तशी रचना चालत नाही. युरोपात रॉकेल येण्यापूर्वी हीच अडचण होती, आणि ती सोडवण्यासाठी कार्सेल या फ्रेंच घड्याळजींनी १८०० मध्ये घड्याळाच्या यंत्रासारख्या पंपाने तेल वर चढवणारा दिवा तयार केला. आपल्याला पंपाची गरज नाही; तेलाच्या पातळीपासून ज्योत सुमारे एक सेंटिमीटरच्या आत राहील एवढीच काळजी पुरेशी आहे. हे अंतर दोन सेंटिमीटरपर्यंत वाढू दिले की ऑलिव्हच्या तेलावर ज्योत आखडते, वातीचे टोक स्वतःच जळू लागते आणि काजळी धरते.

ऑलिव्हच्या तेलातही खाण्याचे उत्तम ते दिव्याचे उत्तम असे नसते. ताजे, गाळून न घेतलेले, हिरवट एक्स्ट्रा व्हर्जिन तेल जिभेला छान लागते, परंतु त्यातला सूक्ष्म गाळ आणि पाण्याचा अंश वातीत अडकतो आणि ज्योत तडतडते. मी ते स्वच्छ बाटलीत काही दिवस स्थिर ठेवून वरचे निवळलेले तेलच घेतो. जेरुसलेमच्या मंदिरातल्या दीपवृक्षासाठी तर ऑलिव्हच्या पहिल्या धारेचे निर्मळ तेल वापरावे असा नियम होता, आणि त्यानंतर निघालेले तेल अन्नार्पणासाठी चालत असे. म्हणजे तिथे दिव्याची अपेक्षा अन्नापेक्षाही कडक होती. दुकानात फक्त दिव्यासाठी म्हणून मिळणारे शुद्ध केलेले ऑलिव्ह तेल स्वस्त पडते आणि जळतेही एकसारखे, तेव्हा केवळ किमतीकडे पाहून त्याला कमी लेखू नये.

लाकडी घाण्याचे तिळाचे तेल माझ्या पेल्यांत ऑलिव्हपेक्षा थोडे सावकाश संपते. त्याची ज्योत किंचित अधिक पिवळी दिसते. अबायेंच्या गुरूंचे निरीक्षण असे घरच्या घरी पडताळता येते, ही गोष्ट मला मनापासून आनंद देते. खोबरेल तेल जळते स्वच्छ, पण २४ अंशांच्या खाली ते गोठू लागते. डिसेंबरात ठाण्यात संध्याकाळी ते बहुधा द्रव राहते, पहाटे मात्र पेल्यात घट्ट झालेले सापडते आणि मग रात्रीचे उरलेले तेल काढणे त्रासाचे होते. इस्रायलमधील बिर्शेबातल्या माझ्या नातेवाइकांकडे तर खोबरेलाचा विचारच नको. ते हनुक्किया काचेच्या पेटीत घालून दाराबाहेर, मजुजाच्या (दाराच्या चौकटीवर बसवलेल्या धर्मवचनांच्या डबीच्या) समोरच्या बाजूस ठेवतात, आणि थंडीच्या रात्री बाहेर ऑलिव्हचे तेलसुद्धा दहा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. त्यांना मी एवढेच सुचवले आहे की तेल घरात ऊबेला ठेवावे आणि दिवे लावायच्या वेळीच पेल्यांत ओतावे.

बाटलीत मिळणाऱ्या खनिज पॅराफिन तेलाबद्दल एक स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. ते पातळ, रंगहीन आणि वासहीन असते, ज्योत सुरेख देते, परंतु लहान मुलाच्या हाती लागले आणि त्याने घोट घेतला तर ते फुप्फुसात उतरून जिवावर बेतू शकते. घरात लहान मुले असतील तर ते तेल आणूच नये. शिवाय जाड वातीवर ते इतक्या वेगाने चढते की धूर सुटतो.

वातीकडे येऊ. सर्वांत चांगला अनुभव मला देवकापसाच्या वातींचा आला. कोकणात परसात लावलेल्या झाडाचा हा कापूस, सरकी काढून पिंजला की मऊ होतो, आणि तळहाताला चिमूटभर भस्म लावून पाटावर वळला की सैल पण एकसंध वात तयार होते. ऑलिव्ह आणि तीळ यांसाठी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची वात योग्य ठरते. तिच्याहून बारीक वात दाट तेल पुरेसे ओढत नाही, आणि तीन मिलिमीटरहून जाड वातीच्या टोकावर कोळशाची काळी गाठ बसून धूर येतो. वात घट्ट पिळू नये, हेही महत्त्वाचे. पीळ जास्त झाला की धाग्यांमधल्या पोकळ्या बुजतात. बाजारातल्या तयार वातींत पॉलिएस्टरचा धागा मिसळलेला असेल तर तो वितळून टोकाशी काळा थर तयार होतो. ओळखायची रीत सोपी आहे : एक वात चिमट्यात धरून कोरडीच पेटवावी, कापसाची राख चुरगळते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी उरतो.

आता एका बारकाव्याकडे लक्ष वेधतो, कारण त्याची चर्चा फारशी होत नाही. दिवे रोज एकेक करून उजवीकडून डावीकडे वाढवत नेतात आणि रोज नवा, म्हणजे सर्वांत डावीकडचा दिवा आधी लावतात. परिणामी अगदी उजवीकडची वात आठही रात्री जळते, तर आठवीची वात एकच रात्र. शास्त्रानुसार वाती संपेपर्यंत बदलण्याची गरज नाही, आणि एकदा जळलेली वात पटकन पेटतेही; पण त्यामुळेच आठव्या रात्री जुन्या आणि नव्या वातींच्या ज्योती कमीजास्त दिसतात. यावर उपाय म्हणून मी यंदा सणाच्या आधीच सर्व वाती तेलात रात्रभर भिजवून, थोडा वेळ पेटवून, विझवून टोके सारखी कापून ठेवल्या आहेत. अशा मुरवलेल्या वाती पहिल्या काडीलाच धरतात आणि ओळीतल्या ज्योती एकसारख्या उंचीच्या राहतात.

पेल्यांची रचना मी तरंगत्या चकतीवर स्थिर केली आहे. आमच्या घरची हनुक्किया पितळी पत्र्याची, भिंतीवर टांगायची आहे. तिच्या कड्यांमध्ये काचेचे छोटे पेले बसतात. पेल्यात तळाशी पाणी, वर तेल, आणि तेलावर बुचाची पातळ चकती, जिच्या मधल्या छिद्रातून वात वर येते. चकती तेलाबरोबर खाली उतरत असल्यामुळे तेल आणि ज्योत यांमधले अंतर शेवटपर्यंत तेच राहते, आणि आरंभी मांडलेला मुद्दा इथे आपोआप साधला जातो. पेल्याच्या काठावर अडकवायच्या धातूच्या किंवा काचेच्या नळ्यांमध्ये हे होत नाही. तेल घटेल तशी ज्योत मंदावत जाते. त्या नळ्या दिसायला सुबक असतात हे खरे, पण उथळ आणि रुंद पेला असेल तरच मी त्या सुचवीन.

चकती वापरताना तीन गोष्टी जपाव्या लागतात. वात कोरडी ठेवून पेल्यात सोडली तर ती खालचे पाणी आधी ओढून घेते आणि मग कितीही काड्या ओढल्या तरी पेट घेत नाही, म्हणून ती आधी तेलात पूर्ण भिजलेली असावी. चकतीच्या खाली वातीची शेपटी पाच मिलिमीटरहून लांब ठेवू नये, कारण तेलाचा थर तेवढा उरला की शेपटी पाण्याला लागते आणि तेल शिल्लक असतानाच दिवा चुरचुरून विझतो. चकतीच्या वर वात तीन-चार मिलिमीटर एवढीच असावी. त्याहून अधिक बाहेर काढली की धूर होतो आणि पेल्याच्या काठावर काळा पट्टा उमटतो.

तेलाचा हिशेब असा बसतो. माझ्या दोन मिलिमीटर वातीला तासाला साधारण पाच मिलिलिटर तेल लागते. आठ रात्रींचे मिळून दिवे ३६, आणि रोजचा शमाश, म्हणजे इतर दिवे लावण्यासाठीचा वेगळा दिवा, धरला तर ४४. दिवा तारे दिसल्यानंतर किमान अर्धा तास जळला पाहिजे, परंतु मी दीड तासाचे तेल घालतो. म्हणजे प्रत्येकी साडेसात मिलिलिटर आणि एकूण ३३० मिलिलिटर. अर्ध्या लिटरची बाटली पुरून उरते. शुक्रवारी मात्र हिशेब बदलतो. त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी लावावे लागतात, आणि तरीही ते तारे दिसल्यावर अर्धा तास टिकले पाहिजेत. डिसेंबरच्या मध्यावर ठाण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा साडेपाचला लावलेला दिवा सातपर्यंत जळायला हवा. शब्बाथ सुरू झाल्यावर तेल घालता येत नाही, वात सारता येत नाही, म्हणून शुक्रवारी मी प्रत्येक पेल्यात दोन तासांपेक्षा अधिक तेल भरतो. पाण्याचा थर त्या दिवशी कमी ठेवतो, म्हणजे पेला काठोकाठ भरत नाही.

सहाव्या रात्रीपासून आणखी एक गोष्ट दिसू लागते. ओळीतले मधले पेले कडेच्या पेल्यांपेक्षा लवकर रिकामे होतात, कारण दोन्ही बाजूंच्या ज्योतींची धग त्यांना लागते, तेल तापून पातळ होते आणि वात ते वेगाने ओढते. पेल्यांमध्ये निदान बोटभर अंतर असावे. एका पसरट भांड्यात तेल ओतून कडेने वाती लावल्या आणि वर काही झाकण पालथे घातले नाही, तर ती शेकोटीसारखी होते आणि एकाचाही दिवा म्हणून मोजली जात नाही, असे तलमूदमध्ये म्हटले आहे. आमच्या हनुक्कियाच्या कड्या जवळजवळ असल्यामुळे मी मधल्या पेल्यांत चमचाभर तेल अधिक घालतो.

शमाश मी पेल्यात ठेवतो खरा, पण दिवे लावायला हातात वेगळी बारीक मेणबत्ती घेतो, कारण तेलाचा पेला उचलून तिरका करणे धोक्याचे असते.

पेले धुण्यासाठी रोज सकाळी उरलेले तेल एका बाटलीत काढतो, चकत्या कोरड्या फडक्याने पुसतो आणि काचेवरची काजळी कोमट पाणी आणि रिठ्याने काढतो. साठलेले तेल आणि वाती आठव्या रात्रीनंतर जाळून टाकतो, कारण त्या दिव्यांसाठी काढून ठेवलेले तेल इतर कामाला वापरत नाहीत.

पुढच्या टप्प्यात जवसाच्या धाग्याची वात करून पाहायची आहे. विंचरलेला जवसाचा धागा मिश्नाने शब्बाथसाठीही वर्ज्य केलेला नाही, न विंचरलेला मात्र केला आहे. तेव्हा स्वच्छ विंचरलेला, न रंगवलेला धागा मिळवून त्याच्या दोन मिलिमीटर वाती वळायच्या, त्याच तेलात, त्याच चकतीवर देवकापसाच्या शेजारी लावायच्या आणि तासाचा तेलखर्च व टोकावरची काजळी यांची तुलना करायची, असे योजले आहे. कोणी जवसाच्या वाती तिळाच्या तेलावर लावून पाहिल्या असतील, तर वातीची जाडी आणि तासाचा तेलखर्च अवश्य कळवावा.