कँटरबरीची रिकामी जागा

इंग्लंडमधील रॉचेस्टरहून कँटरबरीच्या पायी यात्रेला निघाल्यानंतरचे पहिले तीन दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चारिंग येथे आर्चबिशपांच्या वाड्याचे अवशेष पाहिले, एवढेच स्पष्ट आठवते. चिल्हमच्या पुढची दुपार मात्र अजून टाचेत ठसठसते.

त्या चुनखडीच्या वाटेवर गारगोटीचे धारदार तुकडे वर आलेले असतात. उजव्या टाचेवरचा फोड फुटला, मोजा चिकटला आणि हरिपाठ म्हणता म्हणताच मी पुढे निघून गेलेल्या सोबत्यांवर मनातून चिडले. सफरचंदाच्या बागेला लागून असलेल्या घरातील वृद्ध बाईंनी काही न विचारता मला पायरीवर बसवले, तसराळ्यात कोमट पाणी आणले आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन मोजा भिजवत, सोडवत राहिल्या. माझ्या आजीच्या वारीत वाटेवरच्या गावचे लोक असेच पाय चेपून द्यायचे. मी पाया पडायला वाकले, तेव्हा त्या संकोचल्या.

कँटरबरीतल्या सेंट डन्स्टनच्या चर्चपासून राजा दुसरा हेन्री ११७४ साली प्रायश्चित्तासाठी अनवाणी चालत गेला, तो रस्ता मी लंगडत पार केला. त्याच्याच सरदारांनी २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांना इथल्या कॅथेड्रलमध्ये ठार केले होते. बेकेट यांच्या ज्या समाधीसाठी यात्रेकरू शतकानुशतके येत राहिले, ती आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये उद्ध्वस्त करवली. आता तिथे मोकळ्या फरशीवर एकच मेणबत्ती जळते, आणि तिकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या गुडघ्यांनी खोलगट झिजल्या आहेत. त्या खोलगटीत तळहात ठेवला आणि मला रडू आले. संतापही तितकाच आला, कारण पुढे कॅथलिक मेरी राणीच्या काळात याच शहरात ४१ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. ज्यांच्या हाती सत्ता आली, त्यांनी दुसऱ्यांची श्रद्धा चिरडली.

कॅथेड्रलच्या तळघरात उतरले तेव्हा रविवारची दुपार होती. कॅथलिक सत्तेच्या छळातून पळून आलेल्या वालून आणि ह्युगनॉट, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंट निर्वासितांना सोळाव्या शतकात इथेच प्रार्थनेसाठी जागा मिळाली, आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्र एडवर्डच्या चॅपेलात आजही फ्रेंच भाषेत उपासना होते. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. मागच्या बाकावर बसून मी बूट सैल केला. शेजारच्या गृहस्थांनी आपली गीतपुस्तिका माझ्याकडे सरकवली आणि ओळीवर बोट ठेवले.