न्यूझीलंड साउथ आयलंड, एकटीने सेल्फ ड्राइव्ह : दिवस ६ पर्यंतचा लॉग

मंडळी, ते आनाऊ (Te Anau) या गावातून लिहितेय. ट्रिप मीटर १,१६४ किमी. क्राइस्टचर्चला भाड्याने गाडी घेतली, मग आर्थर्स पास, होकिटिका, फॉक्स ग्लेशियर, हास्टवरून वानाका, क्राउन रेंजचा डोंगररस्ता उतरून इकडे, आणि आज मिलफर्ड साउंडला (डोंगरांमधे शिरलेली समुद्राची खाडी) जाऊन आले. गाडी छोटी ऑटोमॅटिक हॅचबॅक, पेट्रोलवाली. डिझेल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, पंपावर ते स्वस्त दिसतं पण इथे डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे रोड युजर चार्ज वेगळा असतो, तो कोण भरणार हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आधी इंडिकेटरचं सांगते. इथेही गाड्या डावीकडूनच चालतात, स्टेअरिंग उजवीकडे, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. पण मिळालेली गाडी जपानी, आणि तिच्यात इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. मला डाव्या हाताची सवय. पहिल्याच राउंडअबाउटला इंडिकेटर द्यायला गेले तर कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायला लागला, तो बंद करेपर्यंत माझा एक्झिट गेला आणि मागच्या माणसाला मी कुठे वळतेय ते कळायचा प्रश्नच नाही. तिथेच एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली आणि वीस मिनिटं नुसत्या डावीकडे उजवीकडे चकरा मारल्या, हात बसेपर्यंत. हे गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या करायला हवं होतं. तुम्ही करा.

वेस्ट कोस्टला एकेरी पूल भरपूर आहेत. बोर्डवरचा बाण बघायचा. लाल गोलात आपल्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं, निळ्या बोर्डावर आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपला नंबर पहिला, तरी समोरचा थांबलाय ना हे बघूनच पुढे जायचं. हास्ट नदीवरचा पूल तर सातशे मीटरच्या वर लांब आहे आणि एकेरी, मधे बाजूला घ्यायला जागा केलेल्या आहेत. मी निम्म्यात असताना समोरून कॅम्परव्हॅन आली, मी त्या जागेत शिरून थांबले, त्या काकांनी हात केला आणि गेले. हॉर्न कोणीच वाजवत नाही, आपल्या घाटातली वळणावर हॉर्न द्यायची सवय इथे सोडून द्यावी लागते.

लिमिट १०० ची असली तरी तेवढा स्पीड या रस्त्यांवर सलग मिळत नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे येतात ते मनावर घ्या, खरंच तेवढंच जमतं. फॉक्स ते वानाका साधारण २६० किमी, मॅप साडेतीन तास दाखवत होता, मला थांबत थांबत सहा लागले आणि त्यातला एकही तास वाया गेला असं वाटलं नाही. मागे गाड्या साठल्या तर स्लो व्हेइकल बे येतो तिथे डावीकडे घ्या, त्यांना जाऊ द्या. एकटं असताना मागच्याचं प्रेशर घेऊन चालवणं मला तरी सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. शेजारच्या सीटवर कोणी नसतं, म्हणजे मॅप बघणारं, पंप शोधणारं, पाण्याची बाटली उघडून देणारं, "आता थांबूया गं" म्हणणारं कोणी नाही. ही सगळी कामं मी आदल्या रात्री उरकते. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जाड मार्करने वळणं, अंतरं, शेवटचा पंप, टॉयलेट आणि दोन तासांनी थांबायचं ठिकाण लिहून तो कागद डॅशबोर्डवर चिकटवते. ऑफलाइन मॅप आहेच, पण गाडी चालू असताना फोनला हात नाही म्हणजे नाही. रात्री नऊला आईला उद्याचा रूट आणि मुक्काम पाठवते (तिकडे दुपारचा दीड, ती जेवून मोकळी झालेली असते), आणि किती वाजेपर्यंत माझा मेसेज नाही आला तर काळजी करायची हेही ठरवलंय. इथला इमर्जन्सी नंबर १११, तो तिच्याकडे नाही तर माझ्याच कागदावर सगळ्यात वर.

हे सगळं आज मिलफर्डच्या रस्त्यावर कामाला आलं. जाऊन येऊन २४० किमी, ते आनाऊ सोडलं की थोड्याच वेळात फोनची रेंज गायब. टाकीही इथेच फुल करून निघायचं. मे ते नोव्हेंबर बर्फासाठी टायरला लावायच्या चेन बरोबर ठेवाव्या लागतात, मी मार्चमध्ये आलेय म्हणून सुटले. होमर टनल १९५४ साली सुरू झालेला, १.२ किमी, मिलफर्डकडे चांगलाच उताराचा, आत डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो म्हणून गॉगल आधीच काढा. बाहेर सिग्नलला थांबले होते तर दोन किआ आले, डोंगरातले मोठे हिरवे पोपट. एक बॉनेटवर उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि सरळ वायपरचं रबर चोचीत धरून ओढायला लागला. पंख उघडले की आतून केशरी रंग दिसतो, काय सुंदर! खायला मात्र काही देऊ नका, त्यांना अपाय होतो.

राहिलेलं पटकन. चिवडा, लोणचं जे काही असेल ते एअरपोर्टला फॉर्मवर डिक्लेअर करा, लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ट्रेकचे बूट घरूनच घासून या, माती चालत नाही. गाडीच्या इन्शुरन्समध्ये एक्सेस (नुकसान झालं तर आपल्या खिशातून जाणारी रक्कम) किती ते वाचा आणि काच, टायर कव्हर आहेत का ते बघा. वेस्ट कोस्टला सँडफ्लाय (बारीक चावऱ्या माश्या) जाम चावतात, क्रीम गाडीत हाताशी हवं, डिकीत नको.

उद्या क्रॉमवेलपर्यंतच. लिंडिस पास आणि आओराकी (माउंट कुक) परवा, एका दिवसात होईल असं मॅप म्हणतोय पण मी दोन करणार. कागद लिहून झालाय, पेट्रोल क्वीन्सटाउनला.