"मॅडम, हा चावतो. कसं बंद करायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्वमग्न मुलांना शिकवणारी बाई म्हटलं की पालक पहिल्या भेटीतच हे विचारतात. कुणाचं मूल चावतं, कुणाचं डोकं आपटून घेतं. माझा उलटा प्रश्न ठरलेला: तो चावला की पुढे काय होतं?

काहींना हा आगाऊपणा वाटतो. पण समजा, लिहायला बसवल्यावर तो चावतो आणि तुम्ही वही उचलून ठेवता. मग त्याचं म्हणणं 'हे नको' असं असणार. दुसरं मूल आई फोनवर असताना चावतं आणि आई फोन टाकून धावत येते. त्याला आई हवी आहे. चावा तोच, मागणी वेगळी. शेजारणीने सांगितलेला उपाय तुमच्याकडे लागू पडत नाही तो यामुळेच. म्हणून आठवडाभर टिपणं ठेवायला सांगते: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण त्यावाचून सगळं अंदाजपंचे.

मागणी कळली की ती मांडायची सोपी रीत शिकवायची. एडवर्ड कार आणि मार्क डुरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हे ४ मुलांवर तपासलं. अवघड कामाने बिथरणाऱ्या मुलांना 'मला समजत नाही' म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्यांना 'मी नीट करतोय का?' विचारायला. त्रासदायक वागणं खूप कमी झालं. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा फरक पडला नाही.

बोलता येत नसेल तर 'थांबूया' असं चित्राचं कार्ड द्या. कार्डामुळे बोलणं मागे पडेल ही भीती सोडा, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. मात्र सुरुवातीला त्याने कार्ड दिलं की दर वेळी थांबायचंच, अगदी एकेका ओळीनंतर दिलं तरी. थांबायच्या आधीचं काम नंतर हळूहळू वाढवता येतं. नुसतं दुर्लक्ष करून बघाल तर चावणं आधी वाढूही शकतं.

एक मात्र आधी बघा. असं वागणं अचानक सुरू झालं असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांकडे न्या. दात, कान, बद्धकोष्ठता. दुखतंय हे सांगता न येणारं मूल आणखी काय करणार?

आणि हात फडफडवणं? कुणाला इजा होत नसेल तर मी ते थांबवायच्या भानगडीत पडत नाही. 'लोक बघतात' हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.

कार्डाची एक प्रत शाळेत द्या आणि बाईंशी बोलून घ्या. घरी कार्ड चाललं आणि वर्गात कुणी त्याकडे बघितलंच नाही, तर तिथे तो पुन्हा चावेल.