अंड्याविना मिश्रण मिळून येताना

आमच्या धाकट्या मुलीला अंड्याची ॲलर्जी असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी अंडे पूर्णपणे बंद करायला सांगितले, तेव्हा घरात सर्वांना आधी आठवले ते ऑम्लेट आणि केक. मला मात्र काळजी लागली ती कटलेट, टिक्की आणि कोफ्त्यांची. मिश्रण जरा सैल वाटले की त्यात एक अंडे फोडून घालायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. एकाच कढईतल्या तेलात अंड्याचे आणि बिनअंड्याचे घाणे तळणे ॲलर्जीच्या दृष्टीने धोक्याचे असल्यामुळे सर्वांसाठीच अंड्याविना करायचे, असे ठरले.

सासूबाईंना यात विशेष काही वाटले नाही. ‘‘अगं, साबुदाण्याच्या वड्यात कुठे अंडं असतं?’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. वड्याला बटाटा आणि साबुदाणा, कोथिंबीर वडीला बेसन आणि थालीपिठाला भाजणी धरून ठेवते. प्रश्न उरला तो ज्या पदार्थांत आम्ही अंड्यावर विसंबून होतो त्यांचा.

अंडे हे काम करते ते त्यातील प्रथिनांमुळे. पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, पिवळा त्याच्या थोडा पुढे. म्हणजे कढईत पडताच मिश्रणाला आतून पकड मिळते. परंतु 50 ग्रॅमच्या अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. सैल मिश्रणात अंडे घालताना आपण पाणीही वाढवत असतो आणि ते प्रथिनांच्या जाळ्यात अडकून बसते म्हणून निभावते. अंडे काढल्यावर भाजीच्या पाण्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो, पीठ कोणते घालायचे ते नंतर. पाणी तसेच ठेवून बेसन घालत गेलो, तर टिक्की फुटत नाही खरी, पण खाताना भजे खाल्ल्यासारखे वाटते.

बटाट्याच्या बाबतीत आम्ही इंदूरकर सुदैवी आहोत, कारण माळव्यातला बटाटा चिप्ससाठी नावाजलेला आहे आणि त्यात पाण्याचा अंश कमी असतो. तो सालासकट उकडून, पूर्ण गार झाल्यावरच किसावा. गरम असताना फार घोटला तर चिकट होतो. गाजर, कोबी, बीट यांना मीठ लावून, पिळून घेऊन मगच ते मिसळावेत.

खरी परीक्षा होती भुट्ट्याच्या टिक्कीची. पावसाळ्यात येथे भुट्ट्याचा कीस घरोघरी होतो, आणि त्याच किसाची टिक्की मुलीला प्रिय. किसलेल्या भुट्ट्याला पांढरे दूध सुटते. ते फेकून दिले तर चव जाते आणि ठेवले तर टिक्की वळत नाही. त्यावर उपाय भुट्ट्यातच सापडला. अर्धा कीस चमचाभर तुपात मंद आचेवर परतत राहावा. त्यातला स्टार्च शिजून कीस दाटतो, कडा सुटू लागतात आणि उलथने ओढले की क्षणभर कढईचा तळ दिसतो. तो गार करून उरलेल्या कच्च्या किसात कालवला की बाहेरच्या पिठाची गरज अगदी थोडी उरते. तेवढ्यापुरते जाडे पोहे धुऊन, निथळून, मऊ झाल्यावर कुस्करून घालते. इंदूरच्या घरात दुसरे काही नसले तरी पोहे असतातच, आणि ते उरलासुरला ओलावा शोषून घेतात.

जवसाची शिफारस अनेकांनी केली होती. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा बुळबुळीत लगदा तयार होतो आणि एका अंड्याऐवजी तो वापरता येतो. तो चिकटतो, पण अंड्यासारखा उष्णतेने घट्ट होत नाही. त्यामुळे तव्यावरच्या राजमा टिक्कीला तो मानवतो, तळणीत मात्र मला भरवशाचा वाटला नाही. शिवाय जवसाची चव लपत नाही; मुलीने पहिल्याच घासाला ‘‘यात चटणी घातलीस का?’’ असे विचारले.

ब्रेडचा चुरा चिकटवण्यासाठी फेटलेल्या अंड्याऐवजी मैदा आणि कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घेते. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील, इतपत दाट. टिक्क्या वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या, तर तेलात सहसा सुटत नाहीत.

पनीरच्या कोफ्त्याला सर्वांत कमी सामग्री लागते आणि सर्वांत जास्त मेहनत. पनीर तळहाताने अगदी गुळगुळीत होईपर्यंत मळून त्यात थोडी आरारूट पूड घालते आणि आधी एकच कोफ्ता तेलात सोडून पाहते. तो फुटला तर लगेच आरारूट वाढवत नाही. आधी तेल पुरेसे तापले आहे की नाही ते पाहते, कारण कोमट तेलात चांगला मळलेला कोफ्ताही विरघळतो.