बॅटपासून दोन पावलांवर

मी सातवीत होतो. 1971 चा ऑगस्ट, गणेश चतुर्थीची आदली संध्याकाळ. घरात आरास चालली होती आणि आम्ही पोरं रेडिओला चिकटलो होतो. लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटीत आपल्या चंद्राने, म्हणजे फिरकी गोलंदाज चंद्रशेखरने, इंग्लंडची दाणादाण उडवली होती. वेंकटच्या (वेंकटराघवनच्या) चेंडूवर अॅलन नॉटचा झेल एकनाथ सोलकरने घेतला, तेव्हा आमच्या ओरडण्याने आजी घाबरून बाहेर आली. इंग्लंड 101 वर गारद झालं आणि चतुर्थीच्या दिवशी आपण जिंकलो. इंग्लंडमधला आपला तो पहिला कसोटी विजय.

झेल डोळ्यांनी पाहिला तो नंतर, छापील फोटोत. अंग पूर्ण झोकून दिलेलं, हात जमिनीलगत, बोटांत चेंडू. तो फोटो मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर खळीने चिकटवला.

शाळेच्या संघात मला फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे सोलकरच्याच जागेवर, बॅटपासून दोन पावलांवर उभं करत. तिथे कुणीच उभं राहायला तयार नसायचं. फलंदाजाने बॅट उचलली की माझे डोळे आपोआप मिटायचे. पीटीच्या सरांनी एकदा ती वही मागून घेतली, फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा हेल्मेटशिवाय उभा राहतो. चेंडू बॅटला लागेपर्यंत नजर हलवायची नाही, एवढंच कर." पुढचा महिनाभर शाळा सुटल्यावर ते रोज मला अगदी जवळून झेल देत राहिले. डोळे मिटायचे थांबले.

एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. लहानपणी तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचा. हे कळलं तेव्हा तो मला आणखीच आपला वाटला. 27 कसोटींत 53 झेल, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन, तेही यष्टिरक्षक नसताना! बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट या फिरकी गोलंदाजांच्या बळींचं कौतुक होतं ते रास्तच आहे; पण त्यातले कितीतरी बळी सोलकरच्या हातांत पडले, हे मात्र लोक विसरतात. मला त्याचं आजही वाईट वाटतं. वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत, 1975 साली, वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने शतकही ठोकलं होतं.

26 जून 2005 ला तो गेला. हृदयविकाराचा झटका, वय अवघं 57. बातमी कळताच मी सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बराच वेळ दोघांनाही काही सुचेना. मग त्यांनी विचारलं, "ती वही आहे का रे अजून?"

आहे. पानं पिवळी पडली आहेत, खळीचे डाग फोटोवर उमटले आहेत, पण सोलकरच्या बोटांतला चेंडू अजून स्पष्ट दिसतो. शाळेच्या महोत्सवाला येताना वही घेऊन येणार आहे. क्रीडासाहित्याच्या खोलीत जागा असेल, तर ती शाळेकडेच राहू दे.